‘नेस्टोरियन’ या संज्ञेची चिकित्सा

कोंकणपट्टीच्या प्राचीन इतिहासावर मराठींत जें लेखन झालें आहे, त्यांत कल्याण बंदराचें वर्णन करतांना एक विधान बहुधा ठरलेलें असतें. तें असें कीं, इसवी सनाच्या सहाव्या शतकांत कल्याण येथें नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची वस्ती होती व त्यांचा एक बिशप तेथें राहत असे. या विधानास आधार म्हणून कॉस्मस इंडिकोप्ल्यूस्टीझ या ग्रीक लेखकाचें नांव देण्यांत येतें. आधार खरा आहे. परंतु त्या आधारांत नसलेला एक शब्द या विधानांत शिरला आहे, आणि तो शब्द ‘नेस्टोरियन’ हा होय. हा शब्द कोणीं व कोणत्या प्रसंगीं प्रचारांत आणला, ज्यांस तो लावण्यांत येतो त्यांस तो मान्य होता किंवा काय, आणि आपल्या लेखनांत त्याचा उपयोग करणें कितपत युक्त आहे, एवढ्याच प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच एक कबुली देणें उचित होय. शाळेंत संस्कृत व इतिहास हे विषय शिकवीत असतां आम्ही स्वतः हा शब्द वर्षानुवर्षें फळ्यावर लिहीत आलों. आणि एका विद्यार्थ्यानें त्याचा अर्थ विचारला तेव्हां ‘पाखंडी ख्रिस्ती’ असें दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळे झालों. तें उत्तर चुकीचें होतें हें कळावयास आम्हांस सेवानिवृत्तीनंतरची सवड लागली. तेव्हां पुढील टीकेचा पहिला रोख आमच्यावरच आहे, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

(१) कल्याण व ठाणें येथील पुरावा

कॉस्मस हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी. तांबडा समुद्र व त्यापलीकडील कांहीं प्रदेश पाहून आल्यावर त्यानें इ. स. ५५० च्या सुमारास आपला भूगोलविषयक ग्रंथ लिहिला. पृथ्वी वाटोळी नसून सपाट आहे व विश्वाचा आकार एखाद्या झांकणाच्या पेटीसारखा आहे, हें सिद्ध करण्याचा त्याचा खटाटोप आज कोणी मनावर घेणार नाहीं. परंतु बंदरें, व्यापार व तेथील वस्ती यांविषयींचा त्याचा मजकूर बहुमोल आहे. सिंहलद्वीपांत ख्रिस्ती मंदिर आहे, मिरें पिकतात त्या मले देशांत आहे, आणि ‘कल्लियाना’ नांवाच्या ठिकाणीं इराणांतून नेमलेला बिशप असतो, अशा आशयाची माहिती तो देतो. हें कल्लियाना म्हणजे ठाणें जिल्ह्यांतील कल्याण, असें बहुतेक संशोधक मानतात.

‘इराणांतून नेमलेला’ एवढेंच विशेषण कॉस्मसनें या स्थळीं योजिलें आहे; नेस्टोरियसचा निर्देश तेथें नाहीं. हा कांहीं अनवधानाचा प्रकार दिसत नाहीं. कॉस्मस ज्या गुरूचा आदरानें उल्लेख करतो तो पॅट्रिशियस म्हणजे मार आबा. हा पुढें इ. स. ५४० ते ५५२ पर्यंत इराणांतील ख्रिस्ती संघाचा मुख्य होता. आपल्या गुरूच्या संघाचें वर्णन करतांना कॉस्मसनें त्याच्या नेमणुकीचें स्थान सांगितलें. त्या संघाच्या शत्रूंनीं दिलेलें नांव त्यास लावण्याचें त्याला प्रयोजन नव्हतें. तें नांव आपण लावलें, आणि लावलें तें आधारग्रंथ न पाहतां, दुय्यम ग्रंथांवरून.

दुसरा उल्लेख ठाण्याचा. १३२१ सालीं चार लॅटिन साधु ठाण्यास मारले गेले. हे साधु ठाण्यास आले तेव्हां जे ख्रिस्ती तेथें आधींच राहत होते त्यांच्याच घरीं उतरले होते. थोड्याच काळानें ओडोरिक नांवाचा दुसरा साधु तेथें आला व मृतांच्या अस्थि घेऊन चीनकडे गेला. त्यानें हा वृत्तान्त लिहून ठेविला आहे. ज्यांनीं परक्या मुलखांत आपल्या बांधवांस आसरा दिला, त्या यजमानांस तो ‘नेस्टोरियन’ म्हणतो, आणि त्या शब्दामागें पाखंडीपणाचा ठपका आहे. हा शब्द आपल्या किनाऱ्यावर युरोपीय पाहुण्याच्या तोंडून आला. यजमान स्वतःस काय म्हणवीत हें पाहुण्यानें सांगितलें नाहीं. आतां हा ठपका मूळचा कोणावर होता तें पाहूं.

(२) नेस्टोरियस व इफेससची सभा

नेस्टोरियस हा अँटिऑकजवळील एका मठांतील संन्यासी व नामांकित वक्ता. इ. स. ४२८ च्या एप्रिलांत सम्राट् दुसरा थिओडोसियस यानें त्यास कॉन्स्टँटिनोपलच्या बिशपपदावर बसविलें. अधिकार हातीं येतांच त्यानें इतर पंथांविरुद्ध मोहीम आरंभिली. राजधानींतील एरियनपंथीयांचें प्रार्थनामंदिर पाडण्यास तो सिद्ध झाला असें पाहून त्या लोकांनीं आपणच त्यास आग लावली, ती शेजारच्या घरांत पसरली, आणि नगरांत नेस्टोरियसलाच ‘आगलाव्या’ हें नांव पडलें, असें समकालीन इतिहासकार सॉक्रेटीस सांगतो. त्याच वर्षीं ३० मे रोजीं अनेक पंथांविरुद्ध राजाज्ञा निघाली. दुसऱ्यांस पाखंडी ठरविण्याच्या कामीं हा पुरुष मागें नव्हता, हें सांगितल्यावांचून पुढें जाणें न्याय्य होणार नाहीं.

वादाचें कारण एक सामासिक शब्द होता. येशूची माता मरिया हिला ‘थिओटोकोस’ म्हणण्याचा प्रघात त्या काळीं भाविकांत होता. या ग्रीक समासाचा संस्कृत छायार्थ ‘देवप्रसू’ असा होईल. ‘वीरप्रसू’ या परिचित शब्दाप्रमाणें त्याची घडण समजावी. नेस्टोरियसचें म्हणणें असें कीं, अनादि देवास मातेनें जन्म दिला असें बोलल्यानें ऐकणाराचा घोटाळा होतो. तिला ‘ख्रिस्तोटोकोस’ म्हणजे ख्रिस्तप्रसू म्हणावें, म्हणजे देवत्व व मनुष्यत्व या दोहोंचाही बोध होईल. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल यास या म्हणण्यांत भलताच धोका दिसला. मातेच्या उदरीं आला तो देवच नव्हे असें म्हटलें तर ख्रिस्ताचे दोन तुकडे होतात, एक देव व दुसरा मनुष्य, आणि मग मनुष्यजातीचा उद्धार देवानें केला असें म्हणतां येत नाहीं, असा त्याचा आक्षेप. हा आक्षेप पोकळ नव्हता, आणि सिरिल हा केवळ मत्सरानें पेटला होता असें म्हणणारे त्याच्यावर अन्याय करतात. मात्र उपरिनिर्दिष्ट सॉक्रेटीस, जो नेस्टोरियसचा चाहता मुळींच नव्हता, त्यानें नेस्टोरियसचे लेख पाहून असा अभिप्राय दिला आहे कीं, लोक म्हणतात तें मत त्याचें नव्हे. त्या एका शब्दास तो बागुलबुवासारखा भ्याला, एवढाच त्याचा दोष.

या वादाच्या निर्णयासाठीं इफेसस येथें धर्मसभा बोलाविली गेली. अँटिऑकचा बिशप जॉन व त्याच्याबरोबरचे पूर्वेकडील बिशप वाटेंत होते. त्यांची वाट न पाहतां, सम्राटाच्या प्रतिनिधीचा विरोध न जुमानतां, सिरिलनें २२ जून ४३१ रोजीं सभा भरविली आणि त्याच दिवशीं नेस्टोरियसला पदच्युत केलें. सर्व जमल्याशिवाय आपण येणार नाहीं असें नेस्टोरियसनें कळविलें होतें. चार दिवसांनीं जॉन येऊन पोंचला. त्यानें निराळी सभा भरवून सिरिलला पदच्युत केलें. प्रारंभीं सम्राटानें दोन्ही निकाल कायम केले. अखेरीस सिरिल आपल्या गादीवर परतला व नेस्टोरियस आपल्या जुन्या मठांत गेला. ४३३ सालीं जॉन व सिरिल यांचा समेट झाला. त्याची किंमत नेस्टोरियसनें दिली. पुढें त्यास हद्दपार करण्यांत आलें, आणि इजिप्तच्या वाळवंटांतील हिरवळीच्या भागांत ४५० च्या सुमारास तो वारला.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची गोष्ट ४३५ सालची आहे. त्या वर्षीं थिओडोसियसनें कायदा करून नेस्टोरियसचे ग्रंथ जाळण्याची आज्ञा दिली आणि त्याच्या अनुयायांस यापुढें ‘सायमनियन’ म्हणावें असें फर्माविलें. सायमन हा बायबलाच्या नव्या करारांतील कुप्रसिद्ध मांत्रिक; त्याचा व या वादाचा कांहीं एक संबंध नाहीं. ज्याचें नांव लावलें असतां लोक किळस करतील असें नांव हुडकून तें राजाज्ञेनें चिकटविलें, इतकेंच. तें नांव टिकलें नाहीं व ‘नेस्टोरियन’ टिकलें. तरी नांव देणें हें त्या काळीं शिक्षेचेंच एक अंग होतें, हें या कायद्यावरून स्वच्छ दिसतें.

(३) पूर्वेकडील संघ

आतां ज्या इराणी संघास हें नांव लावण्यांत येतें त्याचा व नेस्टोरियसचा संबंध काय? रोमन साम्राज्याच्या सरहद्दीपलीकडे, सासानी राजांच्या राज्यांत, तैग्रिस नदीवरील सेल्युशिया-टेसिफॉन येथें या संघाचें मुख्य पीठ होतें. त्याची घटना ४१० सालच्या सभेंत ठरली. ४२४ सालच्या सभेंत आपल्या मुख्याच्या निर्णयावर पश्चिमेकडील बिशपांकडे अपील नाहीं असें त्यानें जाहीर केलें. म्हणजे हा संघ घटनाबद्ध व स्वतंत्र झाला तेव्हां नेस्टोरियस अँटिऑकजवळच्या मठांत होता. ४२४ सालीं स्वतंत्र झालेल्या संघाचा संस्थापक ४२८ सालीं पदावर आलेल्या मनुष्यास ठरविणें म्हणजे मुलाच्या मौंजीनंतर बापाचें बारसें करण्यासारखें आहे.

या संघानें ज्यास ‘भाष्यकार’ ही पदवी दिली तो पुरुष नेस्टोरियस नव्हे. तो मॉप्सुएस्टियाचा थिओडोर होय. निसिबिसचा पंडित अब्दीशो यानें १२९८ च्या ‘मर्गानीथा’, म्हणजे ‘मोती’, या आपल्या ग्रंथांत हाच मुद्दा मांडला आहे. नेस्टोरियस हा आमच्या धर्माध्यक्षांपैकीं नव्हता, त्याची भाषा आमच्या लोकांस येत नव्हती, आणि आमच्यावर हें नांव अन्यायानें लादण्यांत आलें आहे, असा त्याच्या प्रतिपादनाचा सारांश आहे. चीनमधील सी-आन येथील ७८१ सालचा शिलालेखही येथें साक्षीस आहे. ६३५ सालीं आलोपेन नांवाचा धर्मोपदेशक त्या देशांत आला तेव्हांपासूनचा वृत्तान्त त्यांत कोरला आहे. त्यांत आपल्या धर्मास ‘तेजोमय धर्म’ असें म्हटलें आहे. नेस्टोरियसचें नांव त्यांत नाहीं. असें असतां युरोपीय विद्वानांनीं त्या शिळेचें नांवच ‘नेस्टोरियन स्तंभ’ असें पाडलें.

येथें पूर्वपक्षी म्हणेल कीं, या संघानें नेस्टोरियसला आपल्या तीन ग्रीक आचार्यांत मानलें आहे, त्याच्या नांवाचा एक उपासनाविधि त्यांच्यांत चालतो, आणि मध्ययुगांत त्यांच्यांतील कांहींनीं परक्यांशीं बोलतांना हें नांव स्वतःसही लावून घेतलें. हें सर्व खरें आहे, व तें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु एखाद्या आचार्यास मान देणें निराळें आणि त्याच्या नांवानें ओळखलें जाणें निराळें. ज्याचा छळ झाला त्यास हुतात्मा मानून दूरच्या संघानें आदर दाखविला. त्यावरून त्याचें मत, आणि विशेषतः त्याच्या शत्रूंनीं त्याचें म्हणून सांगितलेलें मत, त्या संघाचें ठरत नाहीं.

(४) ‘व्यक्ति’ या शब्दाची अडचण

तर मग त्या संघाचें मत काय होतें? येथें संस्कृतज्ञ वाचकांस विशेष रस वाटेल असा एक मुद्दा आहे. सिरियाक भाषेंत तीन पारिभाषिक शब्द आहेत: कयाना, क्नोमा व पर्सोपा. इ. स. ६२८ मध्यें वारलेला बाबाई हा या संघाचा मोठा तत्त्वज्ञ. ख्रिस्ताच्या ठायीं दोन कयाना, दोन क्नोमा व एक पर्सोपा आहे, असें त्याचें सूत्र. कयाना म्हणजे सामान्य स्वभाव, जसें मनुष्यत्व. पर्सोपा म्हणजे ज्यास आपण ‘हा अमुक’ म्हणून ओळखतों तो पुरुष. राहिला क्नोमा. ग्रीक वादांत जेथें ‘हिपोस्टेसिस’ हा शब्द येतो तेथें सिरियाकांत क्नोमा येतो. परंतु ४५१ च्या कॅल्सीडॉनच्या सभेच्या परिभाषेंत हिपोस्टेसिस म्हणजे तो पुरुषच. तेव्हां ‘दोन क्नोमा’ याचें ग्रीक भाषांतर झालें कीं ‘दोन पुरुष’ असा अर्थ निघतो, आणि सिरिलनें नेस्टोरियसवर केलेला आरोप जसाच्या तसा सिद्ध झाल्यासारखा वाटतो.

बाबाईच्या मनांतील क्नोमा निराळा आहे. सामान्य स्वभाव एका ठिकाणीं प्रत्यक्ष आढळतो तेव्हां त्या एका उदाहरणास तो क्नोमा म्हणतो. न्यायसूत्रांत पदाचा अर्थ सांगतांना व्यक्ति, आकृति व जाति असें त्रिक येतें. गोत्व ही जाति, आणि समोरची ही गाय ही व्यक्ति. नैयायिकाच्या मतें घटही व्यक्ति आहे. या जुन्या अर्थानें घेतलें तर क्नोमाला ‘व्यक्ति’ हा अत्यंत समर्पक प्रतिशब्द आहे: देवत्व नुसतें सामान्य नव्हे, येथें तें व्यक्त आहे, मनुष्यत्वही नुसतें सामान्य नव्हे, येथें तें व्यक्त आहे, आणि दोहोंचा धनी एकच आहे. उलट आजच्या मराठींत ‘व्यक्ति’ म्हणजे मनुष्य, इसम. त्या अर्थानें ‘दोन व्यक्ति’ असें लिहिलें कीं भाषांतरकारानें बाबाईला पाखंडी करून टाकलें. शब्द तोच, अक्षरें तींच. शतक बदललें कीं अर्थ फिरतो. सगळा वाद केवळ शब्दांचाच होता असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु शब्दाचें शतक न पाहतां त्या वादाचा निकाल देतां येणार नाहीं, एवढें मात्र निश्चित.

‘पाखंड’ या शब्दाचीही हीच कथा आहे. ग्रीक ‘हैरेसिस’ याचा मूळ अर्थ निवड, पसंत केलेला मार्ग, संप्रदाय. पहिल्या शतकांतील यहुदी इतिहासकार जोसेफस हा आपल्या समाजांतील फारिसी, सदुकी इत्यादि पंथांस हाच शब्द लावतो व त्यांत निंदा नसते. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धांत आयरीनियसच्या ग्रंथापर्यंत तो शिवीचा शब्द बनला होता. आपल्याकडे गिरनारच्या अशोकलेखांत ‘पासंड’ म्हणजे कोणताही संप्रदाय. राजा सर्व पासंडांचा मान करतो आणि स्वतःच्याची स्तुति व परक्याची निंदा अकारण करूं नये असें बाराव्या लेखांत बजावतो. मनुस्मृतींत तोच शब्द ज्यांचा शब्दानेंही सत्कार करूं नये अशांस लागला. हैरेसिसला आम्ही ‘पाखंड’ म्हणतों तेव्हां दोन्ही शब्दांची घसरण आम्ही एकत्र बांधतों. भाषांतर उत्तम साधतें. इतिहास मात्र बुडतो.

(५) प्रतिवादीचा जबाब

नेस्टोरियसचे ग्रंथ जाळले गेल्यामुळें त्याचें मत बहुतांशीं प्रतिपक्षाच्या ग्रंथांतील अवतरणांवरून समजून घ्यावें लागे. चार्वाकाचें मत जसें खंडनकारांच्या पूर्वपक्षावरून जुळवावें लागतें, तसाच हा प्रकार. १९०५ सालीं लूफ्स या जर्मन पंडितानें हे विखुरलेले अंश एकत्र छापले. परंतु तत्पूर्वीं १८८९ च्या सुमारास कुर्दिस्तानच्या डोंगराळ भागांतील कोचानेस येथें, संघाच्या मुख्याच्या ग्रंथसंग्रहांत, नेस्टोरियसच्या स्वतःच्या समर्थनपर ग्रंथाचें सिरियाक भाषांतर असल्याचें बाहेर कळलें व त्याच्या नकला झाल्या. १९१० सालीं बेजान यानें मूळ सिरियाक प्रसिद्ध केलें. १९२५ सालीं ड्रायव्हर व हॉजसन यांचें इंग्रजी भाषांतर निघालें. मूळ पोथी पहिल्या महायुद्धाच्या धामधुमींत नष्ट झाली. नकला झाल्या नसत्या तर प्रतिवादीचा जबाब कायमचाच गेला असता.

या ग्रंथास ‘हेराक्लिडीसचा बाजार’ असें नांव पडलें आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘प्रबंध’ असा असावा. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘व्यापार’. सिरियाक भाषांतरकारानें हा दुसरा अर्थ घेतला व युरोपीयांनीं त्याचा ‘बाजार’ केला. ज्याचें सारें आयुष्य एका शब्दापायीं वाया गेलें, त्याच्या बचावाच्या ग्रंथाचें नांवही भाषांतराच्या चुकीनें प्रसिद्ध व्हावें, हा दैवदुर्विलास होय. ग्रंथाचा प्रारंभींचा संवाद दुसऱ्या कोणाचा असावा असें लुइझे अब्रामोव्स्की यांनीं १९६३ सालीं प्रतिपादिलें आहे. परंतु उर्वरित भागांत ख्रिस्त एकच आहे, दोन पुत्र आपण मानीत नाहीं, असें नेस्टोरियस पुनःपुन्हां सांगतो, आणि रोमचा बिशप लिओ याच्या ४४९ च्या पत्रांतील मत आपलेंच आहे म्हणून समाधान मानतो. त्याची उपपत्ति निर्दोष होती असें यावरून सिद्ध होत नाहीं. ‘नेस्टोरियन मत’ म्हणून जें शिकविलें जातें तें त्याचेंही नव्हतें, इतकें सिद्ध होतें.

असाच प्रकार महाराष्ट्रांत महानुभावांच्या बाबतींत घडला आहे. विरोधकांच्या तोंडीं ‘मानभाव’ हा शब्द निंदाव्यंजक झाला, आणि ‘मानभावी’ म्हणजे ढोंगी असा अर्थ भाषेंत कायमचा रुजला. सांकेतिक लिपींतील त्यांच्या पोथ्या विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे, भावे प्रभृति संशोधकांच्या हातीं येऊन उलगडल्या, तेव्हां कोठें त्यांचें म्हणणें त्यांच्याच शब्दांत कळूं लागलें. ज्या मराठी वाचकानें हें पाहिलें आहे त्यास कोचानेसच्या पोथीचें मोल निराळें सांगावयास नको.

(६) उदयंपेरूर, १५९९

एका शब्दाविषयीं एवढा काथ्याकूट कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर मलबारच्या इतिहासांत आहे. केरळांतील सेंट थॉमस ख्रिस्ती लोक शतकानुशतकें इराणी संघाकडून बिशप आणीत व सिरियाक भाषेंत उपासना करीत. पोर्तुगीजांचा अंमल किनाऱ्यावर बसल्यावर हें त्यांच्या डोळ्यांत सलूं लागलें. १५९७ सालीं त्यांचा बिशप मार अब्राहम वारला. हा पुरुष स्वतः रोमला जाऊन पोप चौथा पायस याची मान्यता घेऊन आला होता. तरी संशय त्यास चुकला नाहीं. त्याच्या मरणानंतर गोव्याचा आर्चबिशप आलेशु द मेनेझिस हा मलबारांत गेला आणि १५९९ च्या जून महिन्यांत २० ते २६ तारखांस उदयंपेरूर येथें त्यानें धर्मसभा भरविली. बाबिलोनचा धर्माध्यक्ष नेस्टोरियन पाखंडी आहे, सबब त्याशीं संबंध तोडावा, असें तेथें वदवून घेतलें. नेस्टोरियस, थिओडोर इत्यादिकांची नांवें उपासनेंतून काढलीं. सिरियाक पोथ्या तपासणीसाठीं हजर करण्याचा हुकूम झाला; कित्येक दुरुस्तीच्या नांवाखालीं खरवडल्या गेल्या व कित्येक अग्नींत गेल्या.

जाळावयाच्या ग्रंथांची यादी सभेच्या ठरावांत नांवनिशीवार आहे. आज त्या लोकांच्या प्राचीन ग्रंथसंग्रहांत काय काय होतें हें जाणण्याचें एक प्रमुख साधन म्हणजे ही यादीच, इतकी ती भरपूर आहे. ४३५ सालीं कॉन्स्टँटिनोपलच्या कायद्यानें ज्या शब्दास अग्नीची जोड दिली, तो शब्द साडेअकराशें वर्षांनंतर गोव्याहून निघालेल्या अधिकाऱ्याच्या हातीं हिंदुस्थानांत तेंच काम करीत होता. या सभेनें पेरलेल्या असंतोषाचें पीक १६५३ च्या ३ जानेवारीस मट्टांचेरी येथील शपथेच्या रूपानें वर आलें, आणि एक असलेला समाज दुभंगला, तो आजतागायत पूर्ण सांधला नाहीं.

दक्षिण हिंदुस्थानच्या इतिहासाचा, जैन व बौद्धांशीं झालेल्या त्या समाजाच्या संबंधांचा, किनाऱ्यावरील व्यापारी वस्त्यांचा किती पुरावा त्या पोथ्यांबरोबर गेला असेल, याची कल्पना करणें आम्हांस कठीण जातें. पोथी जळते तेव्हां ती एकाच धर्माची राहत नाहीं. ती सर्वांचीच जळते. संशोधकानें म्हणून या बाबतींत अधिक जपावयास पाहिजे. ज्या शब्दानें पोथ्या जाळल्या, तो शब्द त्याच पोथ्यांच्या मालकांचें नांव म्हणून आपण निश्चिंतपणें वापरावा, हें शोभत नाहीं.

(७) उपसंहार

युरोपांतही या बाबतींत दृष्टि पालटली आहे. ११ नोव्हेंबर १९९४ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल व पूर्वेकडील संघाचे मुख्य मार दिन्खा चौथे यांनीं एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मरियेस देवमाता म्हणा किंवा ख्रिस्तमाता म्हणा, दोहोंमागील श्रद्धा एकच आहे, असें त्यांत मान्य करण्यांत आलें. ज्या दोन शब्दांपायीं इफेससला फूट पडली ते दोन्ही शब्द पंधराशें त्रेसष्ट वर्षांनीं एका कागदावर नांदूं लागले. १९९६ सालीं सिरियाक भाषेचे पंडित सेबास्टियन ब्रॉक यांनीं ‘नेस्टोरियन संघ’ हें नांव म्हणजे एक खेदजनक अपनाम आहे असें सप्रमाण दाखविलें. या संघाचे अनुयायी केरळांत त्रिचूर येथें आजही आहेत. तेव्हां हा प्रश्न केवळ मृतांचा नाहीं.

तेव्हां मराठींत लिहिणारानें काय करावें? आमची सूचना अशी. कॉस्मसच्या आधारावर लिहितांना कॉस्मसचेच शब्द ठेवावे: कल्याण येथें इराणांतून नेमलेला बिशप होता. संघाचें नांव घ्यावयाचें असल्यास ‘पूर्वेकडील सिरियन ख्रिस्ती संघ’ असें लिहावें; तें त्यांच्या स्वतःच्या नांवास जवळ आहे. ओडोरिक किंवा मेनेझिस यांचा मजकूर देतांना ‘नेस्टोरियन’ हा शब्द अवश्य ठेवावा, कारण तोही पुरावाच आहे. मात्र तो बोलणाराच्या तोंडीं ठेवावा, स्वतःच्या लेखणींत घेऊं नये. आणि इफेसस, कॅल्सीडॉन येथील परिभाषा मराठींत आणतांना शब्दाबरोबर त्याचें शतकही सांगावें.

कागदपत्रांतील तिथि एका दिवसानें चुकली तर आपण लेखांमागून लेख लिहितों. मग एका जिवंत समाजाचें नांव पंधराशें वर्षें चुकीचें लिहिलें जात असतां स्वस्थ बसणें संशोधकास युक्त नाहीं. ज्या विद्यार्थ्यास आम्हीं दोन शब्दांत उत्तर दिलें तो आतां कोठें असेल कोण जाणे. त्याच्या वाट्याचें उत्तर येथें सविस्तर दिलें आहे. तें त्याच्या दृष्टीस पडो. इत्यलम्.